तिसरीतल्या मागे पडलेल्या मुलाला विचारा

मी कुर्ल्यात महापालिकेच्या शाळेत शिकवलं. माध्यम मराठी, पण निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी मराठी नव्हती. कुणाकडे भोजपुरी, कुणाकडे तमिळ, कुणाकडे गोरमाटी. खानदेशातून आलेल्यांची अहिराणी. इमारत एकच; सकाळच्या अधिवेशनात मराठी आणि हिंदी, दुपारी उर्दू. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. एवढ्या भाषांतल्या मुलांना पुस्तकं, वह्या, गणवेश फुकट देऊन शिकवणं हे फार मोठं काम आहे, आणि ते व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तिथे शिकवलं कसं जातं, याबद्दल कुणी गुळमुळीत बोललं की मला राहवत नाही.

शाळा पाहायला येणारे रंगरंगोटी पाहतात, संगणकांची खोली पाहतात, स्वच्छतागृह पाहतात. तेही पाहायलाच हवं. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसेल तर मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. पण शाळेत शिक्षण होतंय का, हे मला तिसरीच्या वर्गात कळतं. तिथलं सगळ्यात मागे पडलेलं मूल जूनमध्ये कुठे होतं आणि आता कुठे आहे, एवढं मी बघते. वर्गाची सरासरी सांगू नका; पुढच्या दोन बाकांवरची मुलं ती वर ओढतात आणि मागची त्यात झाकली जातात.

तिसरीच का? कारण तिथे परिसर अभ्यासाचं पुस्तक हाती येतं आणि गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात. ज्याला वाचता येत नाही त्याचे सगळेच विषय एकदम सुटतात. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू करताना हेच उद्दिष्ट ठेवलं: २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी.

‘समजून’ हा त्यातला कळीचा भाग. माझ्या वर्गात तमिळ घरातली एक मुलगी होती. धडा घडाघडा वाचायची, अनुस्वारसुद्धा चुकायची नाही. कोल्ह्याची एक गोष्ट तिने वाचली. मी विचारलं, “मग कोल्ह्याने काय केलं?” ती गप्प. मी म्हटलं, “हिंदीत सांग.” तेव्हा मात्र तिने अख्खी गोष्ट सांगितली, वर “कोल्हा झूठ बोला, बाई” असं मतही दिलं. म्हणजे तिला अर्थ कळला होता. मराठीत उत्तर जुळवता येत नव्हतं. फक्त कागदावर परीक्षा घेतली असती तर ती नापासांत गेली असती. शेजारी बसणारा मुलगा याच्या उलट. बोलायला पटाईत, पण जोडाक्षर आलं की अडायचा. दोघांना एकच गृहपाठ देऊन काय उपयोग? हे ओळखायला मूल एकटं जवळ बसवावं लागतं, आधी अक्षरं, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट असं वाचून घ्यावं लागतं. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात.

त्यासाठी वेळ किती असतो ते बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला चार तास. वर्गात तीस मुलं धरली तर एकाच्या वाट्याला आठ मिनिटं येतात. त्यातूनच खिचडीची नोंद, आधार जुळवणी, ऑनलाइन माहिती भरणं. कायद्याचं कलम २७ शिक्षकांना इतर कामांना जुंपू नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट देतं. मतदार याद्यांचं काम लागलं की वर्ग शेजारच्या बाईंकडे जातो. दोन वर्ग एकत्र बसतात तेव्हा फळ्यावरचं उतरवून घेण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

यावर काय करता येतं, हे मुंबईनेच दाखवलंय. ‘प्रथम’ संस्थेने पालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुणी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोन तास वेगळी घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाचा अभ्यास केला. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि वाढ मुख्यतः या मागे पडलेल्या मुलांची होती. मूळ वर्ग लहान झाला होता, तरी तिथे उरलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. वर्ग लहान करा, ही आम्हा शिक्षकांची जुनी मागणी. ती रास्तच आहे. पण मूल आज जिथे आहे तिथून सुरुवात केली नाही, तर वीस जणांच्या वर्गातही ते हरवतं. आणि बालसखी त्या मुलांच्या गल्लीतली असायची, त्यांचं बोलणं तिला कळायचं, हेही माझ्या लेखी मोठं कारण आहे.

होळीनंतर काही मुलं गावी जातात, ती जूनच्या शेवटाला परततात. बाकी वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांना पुन्हा शब्दांपासून सुरुवात करून देणारं कुणी आहे का, हे प्रवेश घेताना नक्की विचारा. आणखी एक विचारा: पहिलीला कोण शिकवतं? बऱ्याच ठिकाणी जाणते शिक्षक वरच्या वर्गांना दिले जातात, कारण शिष्यवृत्तीचा निकाल तिथे दिसतो, आणि पहिली नव्याने आलेल्याच्या गळ्यात पडते. पाच भाषांमधून आलेल्या सहा वर्षांच्या मुलांना पहिलं अक्षर शिकवायला शाळेतल्या सगळ्यात मुरलेल्या बाई हव्यात. मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव घेतलं, तर खुशाल मुलाचं नाव तिथे घाला.