शिंकांच्या सरीमागचं रसायन

माळ्यावरची गोधडी खाली काढून झटकली की घरातल्या एखाद्यालाच लागोपाठ शिंका येतात. टाळू खाजते, नाकातून पाणी वाहतं, काही वेळाने नाक चोंदतं. बाकीच्यांना काहीच होत नाही. असं का?

गाद्या-उशांत धुळीतले सूक्ष्म किडे राहतात. लांबी जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटर. कोकणातल्या दमट हवेत ते फोफावतात. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासाबरोबर नाकात शिरतात. ॲलर्जी असलेल्याचं शरीर या प्रथिनांना शत्रू समजून ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार करतं. नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर ती चिकटून बसतात. पुढे कधी तीच प्रथिनं त्यांना भिडली की काही मिनिटांत या पेशी आपल्या पोटातल्या कणिका बाहेर टाकतात. त्या कणिकांत असतं हिस्टामिन.

हिस्टामिन चेतातंतूंना डिवचतं, म्हणून खाज सुटते आणि शिंका येतात. तोच संदेश मेंदूमार्फत ग्रंथींपर्यंत पोचतो आणि नाक गळू लागतं. शिवाय रक्तवाहिन्या रुंदावून पाझरू लागतात, त्यामुळे अस्तर सुजतं.

हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन डॅनियल बोव्हे यांनी 1937 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शोधलं. 1957 चं नोबेल त्यांना मिळालं. मेंदूला जागं ठेवण्यातही हिस्टामिनचा वाटा असतो. जुन्या हिस्टामिनरोधक गोळ्या मेंदूत शिरून तिथेही त्याला अडवतात, म्हणून त्यांनी झोप येते. सेटिरिझिनसारख्या नव्या गोळ्यांनी ती कमी येते, पण काहींना येतेच.

गोळीने शिंका थांबतात, तरी नाक मात्र चोंदलेलंच राहतं, अशी अनेकांची तक्रार असते. ती खरी आहे. चोंदण्यात ल्युकोट्रायीनसारख्या इतर रसायनांचाही मोठा हात असतो. शिवाय चार-आठ तासांनी इओसिनोफिलसारख्या पेशी अस्तरात जमून सूज वाढवतात. ही सूज हिस्टामिनरोधक गोळीला फारशी दाद देत नाही. तिथे नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे अधिक गुणकारी ठरतो. मात्र तो नियमित घ्यावा लागतो.

नाक मोकळं करणारे थेंब आठवडाभराहून अधिक काळ घालत राहिलात, तर ते सोडताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणण्याआधी आपल्याला शिंकांचा त्रास अधिक आहे की चोंदण्याचा, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. औषध त्रास कोणता यावरून ठरतं आणि त्रासाचं मूळ धुण्याने कमी होतं.