पडद्यावर आपलं घर दिसतं का?

सिनेमा पाहून परतताना आमच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : यातले मुसलमान आपल्यासारखे होते का? अम्मींच्या तरुणपणी पडद्यावर लखनौचे नवाब नि शायर असत. १९६३चा ‘मेरे महबूब’ त्यांना आजही आवडतो. पण त्या हवेल्यांशी आमच्या दोन खोल्यांचं नातं कधी जुळलं नाही. पुढे नवाब गेले आणि बंदूकवाले आले. शिलाई मशीनवर बसणारा, मुलांच्या फीचा हिशेब जुळवणारा माणूस क्वचितच भेटला. ‘गर्म हवा’मध्ये बलराज साहनींनी उभा केलेला आग्र्याचा सलीम मिर्झा हा असाच एक अपवाद.

म्हणूनच २०२५ साली आलेल्या तीन हिंदी सिनेमांबद्दल इथे लिहावंसं वाटलं.

पहिला, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या यंत्रमागांच्या शहराची ही खरीखुरी गोष्ट. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर दोस्तांना जमवतो आणि ‘शोले’ची मालेगावी नक्कल काढतो. मागावर राबणारा शफीक शेवटी सुपरमॅन होतो. ही मुलं पैशांवरून, श्रेयावरून भांडतात, रुसतात, पुन्हा एकत्र येतात. आपण कोण आहोत, याचा खुलासा ती कुणाला देत बसत नाहीत. आम्हाला हेच सर्वांत आवडलं. तक्रार एकच : बायकांच्या वाट्याला फार थोडं आलं आहे. लहानथोरांनी मिळून बघावा, असा हा सिनेमा.

दुसरा, नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’. पत्रकार बशारत पीर यांच्या २०२०मधल्या लेखावरून तो बेतला आहे. शोएब आणि चंदन हे उत्तर भारतातल्या खेड्यातले जिवलग मित्र. पोलीस शिपाई व्हायचं, अंगावर वर्दी चढली की लोक मान देतील, एवढंच त्यांचं स्वप्न. दलित असलेला चंदन अर्जावर जात लपवतो. शोएबला नाव लपवता येत नाही. कचेरीत त्याने पाण्याची बाटली भरलेली साहेबाला चालत नाही, त्या प्रसंगाला आमचा कॉलेजात जाणारा मुलगा एकदम गप्प झाला. घरी आल्यावरही बराच वेळ बोलला नाही. पुढे सुरतेची गिरणी, टाळेबंदी आणि घराकडची ती वाट. शेवट सोसत नाही, तरीही तरुण मुलांना घेऊन जरूर बघा. एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशी तोललेलं नाही, ही या सिनेमाची थोरवी.

तिसरा, सुपर्ण वर्मा यांचा ‘हक’. शाहबानो खटल्यावरून सुचलेली ही कथा. यामी गौतम यांनी शाझियाचं काम मनापासून केलं आहे. तिचे मौलवी वडील तिच्या पाठीशी उभे राहतात, हेही बरं वाटलं. पण कोर्टातली भाषणं लांबली आहेत. शिवाय खऱ्या शाहबानो १९७८मध्ये इंदूरच्या कोर्टात पोटगी मागायला गेल्या, तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. चार दशकांच्या संसारानंतर दाराबाहेर पडलेली म्हातारी आई! सिनेमाने तिला तरुण केलं आणि आमच्या मते तिथेच गोष्टीची धार थोडी बोथट झाली. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्याच वर्षी संसदेत नवा कायदा झाला. त्या काळी घराघरांत किती वाद झाले, ते आमच्या वडीलधाऱ्यांना आठवतं.

तरीही आमच्या घरात सर्वांत जास्त बोलणं झालं ते याच सिनेमावर. रात्री जेवताना अम्मींनी त्यांच्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगितली. तीन मुलांसह माहेरी परत आलेली, मेहरचा एक पैसाही हाती न पडलेली आमची खाला. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

ईदनंतर आमच्या धाकट्या बहिणीचा निकाह आहे. मेहरबद्दल आधीच बोलणं बरं दिसत नाही, असं अब्बा आजवर म्हणत आले. त्या रात्री त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि तिलाच हाक मारली, “बस इथे. तुझं काय म्हणणं आहे, ते आधी सांग.”

तिकिटाचे पैसे वसूल झाले, असं आम्ही तेव्हा मनात म्हटलं.