सापडलं की उचललं?

खरं सांगा, रस्त्यात एक रुपयाचं नाणं पडलेलं दिसलं, तर तुम्ही वाकता का?

गेल्या आठवड्यात आकुर्डी आणि निगडीच्या कॉलेज कट्ट्यांवर हाच प्रश्न विचारत फिरले. उत्तरं एकेक भारी! एक जण म्हणाला, रुपयासाठी कोण वाकणार, दहाचं असेल तर बघू. एकीला वाकायला काही वाटत नाही, पण तेवढ्यात कुणी रील काढलं तर, ही भीती. फर्स्ट इयरच्या एका मुलाने मलाच उलटं विचारलं, की ताई, हल्ली नाणी दिसतात तरी कुठे? त्याचंही बरोबरच आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आमच्या बॅचच्या हातात स्वतःचा फोन येईपर्यंत चहाच्या टपरीवरही स्कॅनर लटकलेला होता. पीएमपीचं तिकीटही जून २०२५ पासून दहाच्या पटीत झालं. ‘सुट्टे काढा, सुट्टे’ ही कंडक्टर काकांची आरोळी आता जरा कमीच ऐकू येते.

पण पिंपरी-चिंचवड म्हणजे फक्त कॉलेजचे कट्टे नाहीत. भोसरीच्या पुलाखाली, चाकणच्या तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात सकाळी सहाला उभे राहा. पहिल्या शिफ्टची गर्दी, शेअर रिक्षात कोंबलेली माणसं, पोह्यांच्या गाड्या, मजूर अड्ड्यावर कामाची वाट बघणारे लोक. इथे रोख पैसा अजून हातातून हातात फिरतो. फिरतो म्हणून पडतोही.

भोसरीत पहाटे रस्ता झाडणाऱ्या एका मावशींना विचारलं, की तुम्हाला तर रोजच काहीतरी सापडत असेल? त्या हसल्या. नाणं सापडलं तर त्याचा चहा होतो, म्हणाल्या. आणि नोट सापडली तर? तर आधी मान वर करून आजूबाजूला बघायचं, कुणी जमिनीकडे बघत फिरतंय का. पैसे हरवलेला माणूस चालतानाच ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं.

मावशींचं हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पडलेलं सगळं सारखं नसतं

आपल्याकडे जमिनीवरच्या पैशांचे अलिखित नियम आधीपासून आहेत. चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा, कारण ती लक्ष्मी. तिठ्यावर लिंबू-मिरचीच्या शेजारी ठेवलेलं नाणं उचलायचं नाही, कारण तो कुणाचा तरी उतारा. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी ते नाणं मीही उचलत नाही. त्यातला मुद्दा मला पटतो. ते नाणं पडलेलं नाही, ठेवलेलं आहे.

तसंच वाहिलेल्या नाण्याचं. पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडलं की इंद्रायणीचा पूल लागतो. एसटीतल्या आज्या आजही पुलावर खिडकीतून नदीला हात जोडतात, कुणी रुपयाही टाकतं. ते नाणं हरवलेलं नाही, सोडून दिलेलं आहे. नदीत उतरून ते कुणी काढलं तर आजीची काही तक्रार नसते. दोरीला लोहचुंबक बांधून नदीतून नाणी काढतात ना, त्यात एक गंमत आहे. स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, पण पितळी रंगाचा पाच रुपयांचा ठोकळा चिकटत नाही, कारण त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं. म्हणजे मोठी कमाई तळाशीच राहते!

आणि तिसरं, खरोखर पडलेलं. खिशाला भोक होतं, फोन काढताना सांडलं, बस पकडताना निसटलं. घोळ होतो तो याच प्रकारात.

आता ‘रुपयाला काय किंमत’ म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. २०१८ मध्ये माहिती अधिकारात समोर आलेल्या आकड्यांनुसार, एक रुपयाचं नाणं पाडायला सरकारला १ रुपया ११ पैसे खर्च येत होता. चार आणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण आठ आणे गेलेले नाहीत. २०११ च्या नाणे कायद्यानुसार ५० पैशांची नाणी एका वेळी दहा रुपयांपर्यंत आणि रुपया व त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत आजही कायदेशीर आहेत. दहाच्या नाण्याबद्दलही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की तोपर्यंत आलेले चौदाही प्रकार खरे आहेत. दुकानदार घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

कायद्यातला रुपया

रस्त्यावर पडलेला रुपया आपल्या फौजदारी कायद्यात आहे, हे तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होतं. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करणं, हा त्यातला गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिथे हे कलम ३१४ झालं. कलमाखाली समजावून सांगायला उदाहरणं दिलेली आहेत. त्यातल्या एकाचा आशय असा : ‘अ’ला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो. तो कुणाचा, हे त्याला माहीत नाही. तो उचलतो. ‘अ’ने गुन्हा केलेला नाही.

चला, सुटलो! असं वाटतं ना? पण १८६० चा रुपया म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅमचं चांदीचं नाणं. तेव्हाच्या मजुराची ती कित्येक दिवसांची कमाई. म्हणजे कायदा चिल्लरीबद्दल बोलतच नव्हता. रक्कम लहान म्हणून ‘अ’ सुटला नाही. मालक कोण, हे कळायला काही मार्ग नव्हता म्हणून सुटला.

पुढचं उदाहरण वाचा. ‘अ’ला रस्त्यात एक पत्र सापडतं, त्यात नोट आहे. पत्त्यावरून आणि मजकुरावरून ती कुणाची, हे त्याला कळतं. तरी तो नोट ठेवून घेतो. गुन्हा! मालक शोधण्याचं साधन हातात असेल, तर ते वापरायचं, त्याला कळवण्याचा प्रयत्न करायचा आणि त्याला यायला पुरेसा वेळ द्यायचा. हे न करता वस्तू स्वतःची केली, तर नव्या कायद्यात किमान सहा महिने ते दोन वर्षं तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे.

थोडक्यात काय, तर आधी मान वर करून आजूबाजूला बघायचं. मावशींनी कलम ३१४ एका वाक्यात सांगितलं होतं.

आता माझं

इतका वेळ मी तुम्हाला विचारतेय, तर माझंही सांगते.

मी फर्स्ट इयरला होते. घर चाकणला, कॉलेज शहरात. पावसाळ्यातली सकाळ. तळेगाव चौकात बसची वाट बघताना पायाशी झिपवाली छोटी प्लॅस्टिकची पिशवी दिसली. आत घडी घातलेली पाचशेची नोट, थोडी चिल्लर आणि मेसचं कार्ड. पावसात भिजू नये म्हणून कुणीतरी जपून ठेवलेलं. कार्डावर मेसचं नाव होतं, खाली पेनाने लिहिलेलं एक नाव आणि अकरा तारखेपर्यंतच्या टिका. मेस माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर.

मी आजूबाजूला बघितलं. पण मावशी बघतात तसं नाही. मला कुणी बघत नाही ना, हे बघितलं.

संध्याकाळपर्यंत मी स्वतःला बरंच काही पटवून दिलं. पत्ता कुठे आहे? फोन नंबर कुठे आहे? मी दिले तरी मेसवाले त्याला देतील कशावरून? चिल्लर मंदिराच्या दानपेटीत टाकली, म्हणजे हिशेब चोख. पाचशे रुपये मैत्रिणीच्या बर्थडेच्या काँट्रीत गेले. कार्ड गटारात.

तिसऱ्या वर्षाला मीडिया लॉच्या लेक्चरला सरांनी नवीन संहिता दाखवायला सहज हेच कलम स्क्रीनवर आणलं. पत्र आणि नोटेचं उदाहरण वाचलं आणि माझे कान तापले. पत्राच्या जागी मेसचं कार्ड ठेवा, झाली माझी गोष्ट.

त्या रविवारी मी त्या मेसवर गेले. तिथे मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान झालं होतं. शेजारच्या किराणावाल्यांनी सांगितलं, काकू गावाला गेल्या, मेस बंद झाली. आणि जेवायला येणारी मुलं? इथली मुलं काही महिन्यांच्या कंत्राटावर येतात. कंत्राट संपलं की खोली बदलतात, कंपनी बदलते, कधी थेट गावी जातात. एका नावावरून कुणाला शोधणार?

आमच्याकडे कंत्राटी मुलांचा पगार सात-दहा तारखेच्या आसपास होतो. अकराव्या तारखेपर्यंतच्या टिका होत्या. म्हणजे ते पाचशे बहुधा नुकत्याच झालेल्या पगारातले होते. आणि कार्ड हरवल्यावर उरलेल्या महिन्याच्या जेवणासाठी त्याला काकूंशी काय बोलावं लागलं असेल, कुणास ठाऊक. कार्ड तरी नेऊन द्यायचं होतं, हे मला आता सुचतं.

एकच क्रियापद

मराठीत ‘उचलणं’ हा शब्द मजेशीर आहे. कामगार ठेकेदाराकडून पगाराआधी पैसे घेतो, ती ‘उचल’. दुसऱ्याचं गुपचूप घेणं, ती ‘उचलेगिरी’. आणि ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींमधल्या एका समाजाला तर ‘उचल्या’ हेच नाव चिकटलं. लक्ष्मण गायकवाड यांनी याच नावाने आत्मकथन लिहिलं आणि त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माझ्यासारखीने पिशवी उचलली, तर ती ‘सापडली’. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात तीच पिशवी दिसली, तर लोक विचारतात, ‘कुठून उचलली?’ प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एका कचरावेचक ताईंना दहा लाख रुपये असलेली बॅग मिळाली आणि त्यांनी ती मालकापर्यंत पोचवली. माझे पाचशे होते.

मग करायचं काय?

ओळखीची काहीही खूण नसलेलं सुटं नाणं असेल, तर बिनधास्त वाका. नोट असेल तर थोडं थांबा, जवळच्या टपरीवाल्याला, रिक्षा स्टँडवर सांगून ठेवा. किती रक्कम आहे, ते मात्र आपण सांगायचं नाही. विचारायला येणाऱ्याने सांगायचं. पाकीट, कार्ड, चिठ्ठी, असं काही सोबत असेल तर ते आपलं नाही, विषय संपला. बसमध्ये असेल तर कंडक्टर, मेट्रोत असेल तर स्टेशनवरचे कर्मचारी, नाहीतर पोलिस चौकी. परत करणाऱ्याचाही कायद्यात विचार आहे. वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला खर्च झाला असेल, तर तो मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल, तर ते हक्काने मागता येतं. हे १८७२ च्या करार कायद्यात कलम १६८ मध्ये लिहिलेलं आहे.

आणि रस्ता आता फोनमध्येही आहे. चुकून आपल्या खात्यात आलेले पैसे म्हणजे नव्या जमान्यातली पडलेली नोट. त्याच कायद्याचं कलम ७२ सांगतं, की चुकून आलेले पैसे परत करावेच लागतात. फक्त ‘चुकून पाठवले, या नंबरवर परत टाका’ असा फोन आला, तर लगेच टाकू नका. मेसेजवर विश्वास न ठेवता खात्यात खरंच पैसे आलेत का ते बघा आणि परतफेड बँकेमार्फतच करा. फसवणूक झालीच, तर १९३० वर फोन करा.

त्या मुलाचे पाचशे रुपये मी बाजूला काढून ठेवलेत. आई म्हणते, दान करून टाक, सुटशील. पण दानपेटीचा उपाय मी एकदा करून बघितलाय.

परवा आकुर्डी स्टेशनबाहेर एक रुपया दिसला. मागून लोक येत होते, तरी थांबले. मान वर करून बघितलं. जमिनीकडे बघत कुणी फिरत नव्हतं. मग वाकले. सालाच्या खाली छोटा चौकोनी ठिपका होता, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. खिशात टाकला. त्याचा चहा होणार नाही, पण हा रुपया मात्र मला सापडलाय.