वादळानंतरची चाळीस वर्षं

१७८८ साली लंडनमध्ये एक छोटी पुस्तिका छापून आली. विषय होता आफ्रिकेतल्या गुलामांचा व्यापार. त्या सुमारास या विषयावर बरंच लिहिलं जात होतं, पण हा लेखक वेगळा होता. जॉन न्यूटन हा सेंट मेरी वुलनॉथ चर्चचा धर्मगुरू, वयाची साठी ओलांडलेला, प्रवचनांसाठी नावाजलेला. एकेकाळी तोच गुलामांनी भरलेल्या जहाजाचा कप्तान होता. आपण काय पाहिलं आणि स्वतः काय केलं, ते त्याने आपल्या नावानिशी लिहिलं. ही कबुली फार उशिरा देतो आहोत, हेही त्यात सांगून टाकलं.

‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं गीत याच न्यूटनचं. त्यामागची कहाणी आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकांनी ऐकलेली असते. भर समुद्रात वादळ आलं, त्याने देवाचा धावा केला, तो वाचला, त्याने गुलामांचा धंदा सोडला आणि गीत लिहिलं. प्रवचनात ही गोष्ट चांगली रंगते, पण घडलं ते असं नाही. वादळ १७४८ चं, पुस्तिका १७८८ ची. पापक्षमा मिळाल्यावर माणूस कसा बदलतो हे समजून घ्यायचं तर मधली चाळीस वर्षं मला त्या वादळाहून अधिक मोलाची वाटतात.

न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनमधला. बाप जहाजाचा कप्तान. आई भाविक, मुलाकडून शास्त्रपाठ घोकून घेणारी. तो सात वर्षांचा होण्याआधीच ती क्षयाने गेली. अकराव्या वर्षी पोरगा बापाबरोबर समुद्रावर गेला. १७४४ मध्ये आरमाराच्या माणसांनी त्याला जबरदस्तीने धरून ‘हार्विच’ या युद्धनौकेवर नेलं. तिथून तो पळाला, पकडला गेला, त्याने सगळ्यांदेखत फटके खाल्ले. पुढे सिएरा लिओनजवळच्या प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे तो चाकरीला राहिला. ताप, उपासमार, अंगावर धड कपडा नाही. जवळ पुस्तक होतं एकच, युक्लिडच्या भूमितीचं. ते घेऊन तो बेटाच्या कडेला जाई आणि काठीने वाळूत आकृत्या काढत बसे. पहिले सहा भाग त्याने असेच वाळूत शिकून घेतले. देवाची टवाळी करण्यात मात्र त्या दिवसांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

बापाच्या सांगण्यावरून ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाने त्याला तिथून उचललं. मार्च १७४८ मधल्या एका रात्री उत्तर अटलांटिकमध्ये लाटांनी जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन वर निघाला होता, तेवढ्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला माघारी पाठवलं. त्याच्याऐवजी वर गेलेला खलाशी लाटेबरोबर वाहून गेला. पहाटेपासून दुपारपर्यंत न्यूटन पंप मारत होता, नंतर त्याने सुकाणू धरलं. बोलण्याच्या ओघात देवाच्या दयेचा उल्लेख त्याच्या तोंडून निघाला आणि तो चपापला. माझ्यासारख्याला कसली दया? जहाजात मेण आणि लाकूड होतं, म्हणून ते पाण्यावर राहिलं आणि चारेक आठवड्यांनी आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. २१ मार्च ही तारीख त्याने पुढे जन्मभर पाळली.

यानंतरचा भाग सहसा सांगितला जात नाही. क्षमा मिळाल्याची खूण मनाशी बाळगून न्यूटन गुलामांच्या व्यापारातच राहिला. इतकंच नव्हे, त्यात त्याला बढती मिळाली. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. त्याची रोजनिशी आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. किती माणसं विकत घेतली, कुणाच्या बदल्यात काय दिलं, वाटेत कोण मेलं, सगळं तिच्यात आहे. मेलेल्यांची नावं नाहीत, क्रमांक आहेत. एका सफरीत बंडाचा संशय आला तेव्हा त्याने काही मुलांना बेड्या घातल्या आणि कबुली मिळावी म्हणून त्यांचे अंगठे स्क्रूच्या चापात आवळले. याच जहाजावर दर रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घेत असे, आणि डेकखाली साखळ्यांत बांधलेली माणसं असत.

हे वाचताना राग येतो, आणि यायलाच हवा. हा माणूस ढोंगी होता, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तो मनापासून प्रार्थना करत होता, आणि तरीही समोरचं पाप त्याला पाप म्हणून दिसत नव्हतं. शिवीगाळ सुटली, दारू सुटली, देवाची टवाळी सुटली. धंदा मात्र कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता, सगळे करत होते. आपल्या काळाने आणि समाजाने ज्याला मान्यता दिली आहे ते पाप सगळ्यात शेवटी दिसतं.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात आधी तप आहे, अंगावर वारूळ चढेपर्यंतचं तप, आणि मग वाल्याचा वाल्मीकी होतो. ख्रिस्ती श्रद्धेत हा क्रम उलटा आहे. क्षमा आधी मिळते, तीही फुकट. वधस्तंभावर ख्रिस्ताने किंमत चुकवली, म्हणून पापी माणूस नीतिमान ठरवला जातो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलाची माफी पुरती ऐकूनही घेत नाही. मुलगा दूर असतानाच तो धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मात्र घरी परतलेल्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शेतावर जायचं असतं, आणि तिथून पवित्रीकरणाचं, म्हणजे जगणं प्रत्यक्ष बदलत जाण्याचं, लांबलचक काम सुरू होतं. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, या प्रश्नाला पौलाने रोमकरांस पत्रात ठाम नकार दिला आहे. त्याच पत्रात थोडं पुढे तो कबूल करतो की जे करू नये ते आपल्या हातून होतच राहतं. ही दोन्ही विधानं एकाच माणसाची आहेत, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

आणखी एक माणूस इथे आठवायला हवा, जकातदार जक्कय. येशू घरी आल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन म्हणाला. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनानंतर धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात, आणि चोरलेली वस्तू शक्य असेल तर परत करावीच लागते. क्षमा झाली म्हणून हिशेब मिटला असं नाही.

न्यूटनचे डोळे हळूहळू उघडले. १७५४ मध्ये अचानक आलेल्या झटक्यामुळे त्याची सागरी नोकरी सुटली. धंदा त्याने तत्त्वासाठी सोडला नाही, प्रकृतीने सोडवला. पुढे त्याने लिव्हरपूल बंदरावर सरकारी नोकरी केली, ग्रीक आणि हिब्रू शिकून घेतलं. १७६४ मध्ये त्याला दीक्षा मिळाली आणि ऑल्नी हे लेस विणणाऱ्यांचं गाव त्याच्याकडे आलं. त्याच वर्षी निघालेल्या आत्मकथनात गुलामगिरीचा खरा धिक्कार नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी तयार झालं. म्हणजे हे गीत लिहिलं तेव्हाही त्याने जाहीरपणे तोंड उघडलेलं नव्हतं. १७८० मध्ये तो लंडनला आला.

तिथे त्याच्याकडे माणसं येऊ लागली. डिसेंबर १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा सव्वीस वर्षांचा खासदार गुपचूप आला. दार वाजवायचा धीर होईना, म्हणून आधी चौकाला फेऱ्या मारल्या. राजकारण सोडून देवाच्या सेवेला लागू का, असा त्याचा प्रश्न होता. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा लढा संसदेत चालवला तो याच विल्बरफोर्सने.

दुसरा होता क्लॉडियस ब्यूकॅनन. आईवडिलांना खोटं सांगून घरातून निघालेला, लंडनमध्ये बसून परदेशातून लिहिल्यासारखी पत्रं आईला पाठवणारा हा तरुण न्यूटनच्या प्रवचनाने हलला. १७९७ मध्ये तो धर्मगुरू म्हणून कोलकात्याला आला. त्याचं एक छापील प्रवचन वाचून अमेरिकेतला अडोनिराम जडसन हिंदुस्थानाकडे वळला. त्याच्याबरोबरच्या मिशनऱ्यांच्या तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं अहमदनगर घडलं ते याच मिशनच्या छायेत.

१७८८ च्या पुस्तिकेत न्यूटनने काहीच हातचं राखलं नाही. गुलामांना कोंबायच्या जागेची उंची जेमतेम पाच फूट, तीही मधे फळ्या घालून दुभागलेली, दोन थरांत माणसं. एका जहाजावरच्या अधिकाऱ्याने होडीतून एक बाई आणि तिचं वर्षभराचं मूल विकत आणलं. रात्री मूल रडायला लागलं. झोपमोड होते म्हणून त्याने ते उचलून समुद्रात फेकलं. न्यूटनने हे सगळं सांगितलं, सरकारी चौकशीतही साक्ष दिली.

जक्कयासारखं चौपट परत करणं न्यूटनला शक्य नव्हतं. ज्यांना परत करायचं ती माणसं कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत मरून गेली होती. देवाची क्षमा मिळाली हा त्याचा विश्वास होता, आणि मी तो खरा मानतो. पण रोजनिशीतल्या त्या क्रमांकांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार दुसऱ्या कुणाला आहे, असं मला वाटत नाही. त्याने बहुधा हे जाणलं होतं. म्हणून तर त्याने क्षमेची कहाणी पुन्हा सांगण्याऐवजी साक्षीदाराची जागा घेतली.

पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, दुसऱ्या बाजूचा माणूस बोलला. ओलाउडा इक्वियानो लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. १७५९ मध्ये लंडनमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि १७६६ मध्ये त्याने स्वतःच्या कमाईतून आपली सुटका विकत घेतली. त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि गावोगाव फिरून ते खपवलं. १७९४ पर्यंत त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. भावंडांना वेगवेगळ्या मालकांना विकणाऱ्या नावापुरत्या ख्रिस्ती लोकांना तो त्यात विचारतो की हे तुम्हाला तुमच्या देवाने शिकवलं का. व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. न्यूटन तेव्हा जवळजवळ आंधळा झाला होता, पण हयात होता. त्या डिसेंबरात तो वारला. इक्वियानो मात्र त्याआधी दहा वर्षं, १७९७ मध्येच गेला होता.