‘तुरळक’ म्हणजे किरकोळ नव्हे

‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार ते अति जोरदार पावसाची शक्यता.’ पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीकर हे वाक्य वाचतात आणि ‘नेहमीचंच गुळमुळीत’ म्हणून पुढे सरकतात. पण हे सावध शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. ते नीट वाचले, तर वेळेवर सावध होता येतं.

गैरसमज: ‘तुरळक’ म्हणजे थोडासा पाऊस.
वस्तुस्थिती: हा शब्द पावसाची व्याप्ती सांगतो, जोर नव्हे. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत २५ टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्क्यांवर असेल तर ‘काही ठिकाणी’. जोराचं माप वेगळं: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति जोरदार. म्हणजे पाऊस मोजक्याच गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे दाणादाण उडवू शकेल.

गैरसमज: ‘शक्यता’ म्हणजे अंग काढून घेणं.
वस्तुस्थिती: जोरदार सर कधीकधी काही किलोमीटरच्या पट्ट्यातच कोसळते. तो पट्टा नेमका कोणता, हे आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणं हाच खोटेपणा ठरेल. जगभरचे शास्त्रज्ञही असंच बोलतात. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के शक्यता, असं ठरलेलं आहे.

गैरसमज: कल्याणात ऊन पडलं, म्हणजे अंदाज फसला.
वस्तुस्थिती: अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा असतो, त्यात मुरबाड-शहापूरही आले. शिवाय उल्हास नदी घाटाकडून कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते. वरच्या अंगाला पाऊस झोडपतो, तेव्हा इथलं आभाळ मोकळं असलं तरी पाणी चढू शकतं. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

गैरसमज: पिवळा, नारिंगी इशारा म्हणजे नुसती घबराट.
वस्तुस्थिती: पिवळा सांगतो लक्ष ठेवा, नारिंगी सांगतो तयारीत राहा आणि लाल सांगतो कृती करा.

तेव्हा अंदाज वाचताना तीन गोष्टी पाहा: कुठे, किती आणि इशारा कोणत्या रंगाचा. नदीकाठी किंवा सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर नारिंगी दिसताच कागदपत्रं आणि औषधं माळ्यावर ठेवावीत. पाऊस हुकला, तर ती खाली उतरवायला पाच मिनिटं लागतात.