मैफल संपल्यानंतर : जॉन कोल्ट्रेनच्या आठवणी

आपल्याकडे एखादा मोठा गवई गेला की त्याचे शिष्य पुण्यतिथीला एकत्र जमतात. भाषणे थोडी होतात, गाणे मात्र रात्रभर चालते. १९५२ साली सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला, हे आपल्याला ठाऊक आहेच. गायकाचे स्मरण गाऊनच करावे, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु ही कल्पना केवळ आपली नव्हे. सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील जाझ वादकांच्या जगातही ती तितकीच खोल रुजलेली आहे. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाच्या मृत्यूनंतर जे घडले, ते याचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम जाझविषयी दोन शब्द. जाझ म्हणजे नाचाच्या वेळी वाजणारा गोंगाट, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वास्तविक जाझचा प्राण आहे तो उत्स्फूर्त विस्तारात. एखादे परिचित गीत घ्यायचे, त्याची चाल एकदा वाजवून दाखवायची आणि मग त्याच्या स्वरसंगतींच्या चौकटीत वादकाने त्या क्षणी सुचेल ती नवी चाल रचत जायचे. गीताचे चक्र पुन्हा पुन्हा फिरत राहते. वादक कितीही दूर गेला तरी त्याला त्या चक्राचे भान ठेवावे लागते. तबल्याच्या आवर्तनात समेवर येणाऱ्या आपल्या गायकाला यातले मर्म चटकन उमगेल. फरक इतकाच की आपल्याकडे एका षड्जाचा आधार अखंड असतो, तर जाझमध्ये पायाखालची स्वरसंगती सतत बदलत असते.

जॉन कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या लहान गावी झाला. तरुणपणी तो फिलाडेल्फियात आला. तेथील त्याचा सोबती बेनी गोल्सन हाही पुढे नावाजलेला सॅक्सोफोनवादक झाला. १९४५ साली या दोघांनी चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकले आणि त्या एका संध्याकाळीने आपले आयुष्य बदलले, असे गोल्सन म्हातारपणीही सांगत असे. कोल्ट्रेनच्या रियाजाच्या आठवणी तर त्याच्या बहुतेक सर्व सोबत्यांकडे होत्या. कार्यक्रमाच्या मध्यंतरातही तो वाद्य खाली ठेवत नसे. कोपऱ्यात उभा राहून पलटे घोटत असे.

१९५५ साली माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पथकात घेतले. परंतु मादक द्रव्यांच्या व्यसनाने त्याला घेरले होते आणि १९५७ साली माइल्सने त्याला काढून टाकले. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडले आणि थिलोनियस मंक या विक्षिप्त पण प्रतिभावान पियानोवादकाबरोबर न्यूयॉर्कमध्ये काही महिने वाजवले. पुढे माइल्सनेच त्याला परत बोलावले. तो फार लांबण लावतो, ही माइल्सची जुनी तक्रार. जाझच्या वर्तुळात एक किस्सा सांगितला जातो. एकदा सुरू केले की थांबावे कसे हेच कळत नाही, असे कोल्ट्रेन म्हणाला. तेव्हा माइल्सने सल्ला दिला की वाद्य तोंडातून काढून पाहा! किस्सा विनोदी खरा, पण त्यात कोल्ट्रेनचा सारा स्वभाव आला आहे. एकाच स्वरसमूहाची प्रत्येक शक्यता तपासून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

१९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये स्वरसंगती इतक्या झपाट्याने बदलतात की साथीचा पियानोवादकही अडखळल्याचे ऐकू येते. पण त्याच सुमारास कोल्ट्रेन उलट्या दिशेनेही निघाला होता. स्वरसंगती कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घ काळ रेंगाळण्याचा हा मार्ग होता. १९६० मध्ये त्याने ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे नाटकातील साधे गीत घेतले आणि तेरा मिनिटांहून अधिक काळ फुलवले. या वाटेवर त्याला भारतीय संगीत भेटले नसते तरच नवल. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. पुढे पंडित रविशंकर यांची भेट झाली, थोडे शिक्षणही झाले. १९६५ साली झालेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. गंमत अशी की रविशंकरांना त्याचे संगीत ऐकून अस्वस्थ वाटले. गीता वाचणाऱ्या, शाकाहारी बनलेल्या या माणसाच्या वादनात इतकी खळबळ का, हा प्रश्न त्यांना पडला. आपल्या दृष्टीने तो स्वाभाविक आहे. पण कोल्ट्रेनच्या भोवतालचे जग शांत नव्हते. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे वर्णद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला. चार मुली मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ ही संथ, विव्हळ करणारी रचना वाजवली. त्यात शब्द नाहीत. शोक वाद्यातून कसा व्यक्त करावा, हे त्याने स्वतःच आधी दाखवून ठेवले होते.

१७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे चाळीस. २१ जुलै रोजी न्यूयॉर्कमधील सेंट पीटर्स लुथेरन चर्चमध्ये त्याला अखेरचा निरोप देण्यात आला. आरंभी आल्बर्ट आयलर आणि त्याच्या साथीदारांनी वाजवले. शेवटी ऑर्नेट कोलमनने. आयलरने वाजवता वाजवता वाद्य तोंडातून काढले आणि तो आक्रोश करून उठला. त्या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना सॅक्सोफोनचा स्वर कोठे संपतो आणि माणसाचे रडणे कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड होते. त्याच सभेत कोल्ट्रेनचा मित्र कॅल मॅसी याने ‘अ लव्ह सुप्रीम’ ही कोल्ट्रेनची प्रार्थना वाचली. १९६४ च्या ध्वनिमुद्रणात शेवटच्या भागात कोल्ट्रेनने ही प्रार्थना ओठांनी न म्हणता, शब्दाशब्दाला अनुसरून सॅक्सोफोनवर वाजवली होती. आता वाद्य मुके झाले होते आणि शब्द तेवढे उरले होते.

इथे एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. आयलर आणि कोलमन यांपैकी कोणीही कोल्ट्रेनसारखे वाजवले नाही. प्रत्येकाने आपापले वाजवले. कोल्ट्रेन गेल्यानंतर त्याची नक्कल करणाऱ्या तरुणांची मोठी लाट आली. त्याचे पलटे, त्याचा टोकदार नाद, त्याचे लांबलचक विस्तार, सारे त्यांनी उचलले. आपल्याकडेही एखाद्या बुजुर्गाच्या लकबी, अगदी त्याचा खोकलासुद्धा, गळ्यात घेणारे शिष्य आपण पाहतोच. पण लकब ही आठवण नव्हे.

खरी आठवण जवळच्यांनी जपली. पियानोवादक मॅककॉय टायनर आणि तबलजीच्या जागी असलेला ड्रमवादक एल्विन जोन्स यांनी कोल्ट्रेनच्या अखेरच्या काळात पथक सोडले होते. वाढत्या कल्लोळात स्वतःचेच वादन ऐकू येईना, अशी टायनरची अडचण होती. मतभेद खरे होते आणि ते लपवले गेले नाहीत. तरीही १९७२ साली त्याच टायनरने जपानमध्ये एकट्याने पियानोवर कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ एक संपूर्ण तबकडी ध्वनिमुद्रित केली. ज्या रचना दोघांनी मिळून वाजवल्या, त्या आता सॅक्सोफोनविना उभ्या राहिल्या. ऐकणाऱ्याला ती रिकामी जागा सतत जाणवत राहते. पत्नी ॲलिस स्वतः पियानो आणि हार्प वाजवत असे. तिने शोकातून अध्यात्माची वाट धरली, १९७० मध्ये भारतयात्रा केली, तंबोऱ्याच्या साथीने संगीत रचले आणि पुढे कॅलिफोर्नियात आश्रम स्थापन केला. २००७ साली ती निवर्तली.

आणि तो मुलगा रवी? वडील गेले तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. पुढे तोही सॅक्सोफोनवादकच झाला. त्याला वडिलांचे वादन तबकड्यांतूनच ऐकावे लागले, म्हणजे तुम्हांआम्हांला ऐकावे लागते तसेच.

उत्स्फूर्त कलेचे दुःख हेच की ती त्या क्षणाबरोबर संपते. तबकडीवर राहतो तो एका दिवसाचा ठसा. दुसऱ्या दिवशी तोच वादक वेगळे काही वाजवणार होता. म्हणून अशा कलावंताची आठवण जतन करायची तर त्याने काय वाजवले हे पाठ करून भागत नाही. त्याने ज्या निष्ठेने शोध घेतला, तो शोध आपल्या परीने पुढे न्यावा लागतो. चर्चमध्ये वाद्य तोंडातून काढून आक्रोश करणाऱ्या आयलरला हे कोणी शिकवले नव्हते. आपल्या गुरूंचे स्मरण करताना आपणही स्वतःला हाच प्रश्न विचारून पाहायला हवा : आपण त्यांची लकब सांभाळतो आहोत, की त्यांचा शोध?