मोबाईल ‘रूट’ करणे : मिळते काय आणि जाते काय

भ्रमणध्वनी हे आज केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. बँकेचे पासबुक, विजेचे देयक, मुलांच्या शाळेचे निरोप, परदेशी गेलेल्या आप्तांशी होणारे बोलणे, हे सारे त्याच्याच पोटात सामावलेले असते. अशा या यंत्राच्या संदर्भात ‘फोन रूट करणे’ हा शब्दप्रयोग तरुण मंडळींच्या तोंडी ऐकू येतो. चिरंजीव वडिलांचा जुना फोन हाती घेतात, ‘पप्पा, जरा वेगवान करून देतो’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांचे बँकेचे ॲप उघडेनासे होते. मुलाचा हेतू चांगलाच असतो. परंतु या क्रियेत नेमके काय घडते, हे घरातील थोरांनीही जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गूगलची अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्या पायावर उभी आहे. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीपासून चालत आलेल्या परंपरेनुसार लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्यास ‘रूट’ असे म्हणतात. त्याला कोणतीही फाईल वाचता, बदलता वा पुसता येते. आपण दुकानातून फोन विकत आणतो तेव्हा हा अधिकार आपल्या हाती येत नाही. पैसे आपले, पावती आपल्या नावाची, पण यंत्राचे सर्वाधिकारी आपण नव्हे! तो अधिकार मिळविणे म्हणजे फोन रूट करणे. आयफोनच्या बाबतीत अशाच कृतीस ‘जेलब्रेक’ म्हणतात.

गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. प्रत्येक सदनिकाधारकाकडे स्वतःच्या दाराची किल्ली असते. शेजाऱ्याचे दार तिने उघडत नाही, आणि मीटरच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. अँड्रॉइडमधील प्रत्येक ॲप असेच आपापल्या सदनिकेत राहते. प्रणाली प्रत्येकास निराळा वापरकर्ता मानून स्वतंत्र क्रमांक देते. त्यामुळे एखाद्या टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपमधील माहिती वाचता येत नाही. रूट ही अशी किल्ली आहे, की जिने मीटरची खोली तर उघडतेच, पण इमारतीतील प्रत्येक दारही उघडते. ती आपल्या खिशात आहे तोवर ठीक. मात्र रूट केलेल्या फोनवर एखादे ॲप ही किल्ली मागते तेव्हा पडद्यावर केवळ ‘परवानगी द्यावी काय?’ असा प्रश्न येतो, आणि घाईत ‘होय’ वर बोट पडले की किल्ली त्याच्या हाती गेलीच.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसीने बनविलेला टी-मोबाईल जी-१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यात एक विलक्षण चूक राहून गेली होती. कळफलकावर टंकलेले प्रत्येक अक्षर पडद्याआड रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एका आज्ञाकक्षाकडेही जात होते. निरोप लिहिताना कोणी नव्या ओळीवर ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टंकला, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! हौशी मंडळींनी याच फटीतून रूटचा अधिकार मिळविला आणि गूगलला तातडीने दुरुस्ती धाडावी लागली. रूट मिळविण्याची वाट अनेकदा अशी एखाद्या दोषातून जाते, आणि दोष हा हौशी माणसाला आणि चोराला सारखाच खुला असतो.

याचा पुरावा पुढे मिळाला. २०१४ मध्ये ‘टॉवेलरूट’ नावाचे एक साधन आले. लिनक्सच्या गाभ्यातील एका दोषाचा उपयोग करून ते एका बटणावर फोन रूट करून देई, आणि जगभरच्या तरुणांनी ते आनंदाने वापरले. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने ‘गॉडलेस’ या घातक आज्ञावलीची माहिती उघड केली. तिच्यात रूट मिळविण्याच्या ज्या युक्त्या भरलेल्या होत्या, त्यांत टॉवेलरूटचीही होती. मालकाला पत्ता लागू न देता ती फोन रूट करी व नको ती ॲप्स गुपचूप बसवी. साडेआठ लाखांहून अधिक फोन बाधित झाल्याचे त्या कंपनीने सांगितले, आणि त्यांतील जवळपास निम्मे भारतातील होते. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांवर चालणारे, दुरुस्त्या न मिळालेले स्वस्त फोन आपल्याकडे किती होते, हे त्या वेळी आपल्या ध्यानी आले असेल.

आयफोनही यातून सुटला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘आयकी’ नावाचा किडा जेलब्रेक केलेल्या फोनांत पसरला. दूरून प्रवेश देणारी एक आज्ञावली लोकांनी बसविली होती, पण तिचा मूळ परवलीचा शब्द, जो सर्वांचा एकच होता, तो बदलला नव्हता. किड्याने फक्त पडद्यावरचे चित्र बदलले. सर्वांचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. त्याच महिन्यात नेदरलँड्समध्ये हीच फट वापरून कोणीतरी फोनधारकांकडे पाच युरोंची मागणी केली.

मग लोक रूट करतात तरी का? कारणे अगदीच पोकळ नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनांत साठवणुकीची जागा तोकडी असे, आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स काढता येत नसत. कोणते ॲप काय वाचते, यावर वापरकर्त्याचे नियंत्रण नव्हते. आता यांतील बरेच काही रूटविना साधते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून प्रत्येक ॲपला कॅमेरा, संपर्कसूची वा ठिकाण यांची परवानगी वेगवेगळी नाकारता येते, आणि नको असलेली बहुतेक ॲप्स निदान निष्क्रिय तरी करता येतात. उरतो तो एक सबळ हेतू. कंपनीने दुरुस्त्या थांबविलेल्या, पण धडधाकट असलेल्या फोनला लिनेजओएससारख्या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या प्रणालीने आणखी काही वर्षे चालविणे. यात वावगे काही नाही. मात्र त्यासाठी रूट लागतेच असे नव्हे. लागते ते बूटलोडरचे कुलूप उघडणे.

फोन सुरू होताना सर्वप्रथम चालणारी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. पुढची प्रणाली कंपनीच्या शिक्क्याची आहे की नाही, हे तपासूनच तो तिला आत घेतो. मॅजिस्कसारखी साधने वापरण्यापूर्वी सहसा हे कुलूप उघडावे लागते, आणि उघडताक्षणी फोनमधील सारी माहिती पुसली जाते. ही शिक्षा नव्हे, संरक्षण आहे. एरवी चोरलेल्या फोनचे कुलूप उघडून चोराने आपली छायाचित्रे व कागदपत्रे सहज काढून घेतली असती. पण ज्यांनी प्रत करून ठेवली नाही, त्यांची वर्षांची छायाचित्रे क्षणात जातात. कृती अर्ध्यावर चुकली तर फोन सुरूच होत नाही. दुरुस्ती करणारे त्यास ‘फोनची वीट झाली’ असे म्हणतात.

हमीचा प्रश्न येथेच उभा राहतो. अनधिकृत आज्ञावली बसविल्यास हमी लागू राहणार नाही, असे अनेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते. युरोपात २०१२ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप या संस्थेने तेथील ग्राहकनियमांचा अभ्यास करून असे मत दिले, की केवळ रूट केल्याने ग्राहकाचे दोन वर्षांचे कायदेशीर संरक्षण जात नाही. त्या बदलामुळेच बिघाड झाला हे विक्रेत्याने दाखवावे. मत तर्कशुद्ध आहे. चकतीएवढे बटण निखळले तर त्यात आज्ञावलीचा काय दोष? परंतु तो कायदा आपल्याकडे लागू नाही. उलट, आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ नुसार, इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावा करता येत नाही. हे कलम इजेविषयी आहे, साध्या बिघाडाविषयी नाही. तरीही सेवाकेंद्राच्या खिडकीपाशी वाद घालताना आपली बाजू लंगडी पडते, हे खरेच.

‘हमीसाठी न्यायचा झाला तर पूर्ववत करून देतो’ असे दुकानदार सांगतात. आज्ञावली पूर्ववत होतेही. पण २०१३ पासून सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘नॉक्स’ व्यवस्थेचा एक सूक्ष्म विद्युत-फ्यूज बसविलेला आहे. अनधिकृत प्रणाली चालविली की तो जळतो आणि पुन्हा जोडता येत नाही. त्यानंतर मूळ प्रणाली परत बसविली तरी त्या फोनमधील ‘सिक्युअर फोल्डर’ आणि सॅमसंगची देयकसेवा कायमची बंद राहते. पुढे फोन विकायचा झाल्यास गिऱ्हाईकाला हे सांगावे लागेल, किंवा लपवावे लागेल.

बँकेच्या ॲपचे काय होते? अनेक बँकांची ॲप्स आधी फोनची तपासणी करतात. त्यासाठी गूगलने पूर्वी ‘सेफ्टीनेट’ ही सेवा दिली होती. तिची जागा ‘प्ले इंटिग्रिटी’ने घेतली आहे. फोनचे कुलूप उघडलेले आढळले, तर ॲप चालण्यास नकार देऊ शकते. ही तपासणी चुकविण्याच्या युक्त्या प्रसृत होत असतात, आज चालतात, उद्या बंद पडतात. आमच्या मते हा उंदीर-मांजराचा खेळ ज्याच्या फोनमध्ये निवृत्तिवेतन येते त्याने खेळू नये. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात असे तत्त्व मांडले होते, की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने रक्कम गेली, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. रूट करणे हा निष्काळजीपणा की नाही, याचा काथ्याकूट पैसे गेल्यानंतर करीत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

अर्थात रूट न केलेला फोन म्हणजे अभेद्य किल्ला, असाही समज नको. व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका वा वीजबिल म्हणून आलेली फाईल बसविली आणि तिला संदेश वाचण्याची परवानगी दिली, तर चोराला रूटची गरजही पडत नाही.

ज्यांना शिकण्याची हौस आहे त्या मुलांना आम्ही अडविणार नाही. घरात पडून असलेला, सिमकार्ड नसलेला, बँक वा मुख्य ईमेल न जोडलेला जुना फोन त्यांनी खुशाल घ्यावा. लिनक्स कशी चालते हे त्यातून जितके कळते तितके पुस्तकातून क्वचितच कळते.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनी मात्र पैसे देण्यापूर्वी तो दुकानातच बंद करून पुन्हा सुरू करावा. बूटलोडरचे कुलूप उघडलेले असल्यास बहुतेक फोनांत आरंभीच इशाऱ्याचा पडदा येतो. नंतर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये, माहितीच्या विभागात, फोन प्रमाणित आहे की नाही ते पाहावे. सॅमसंगचा असल्यास, आणि त्या फोनात ‘सिक्युअर फोल्डर’ची सोय असल्यास, तो फोल्डर उघडतो काय हेही पाहावे. न उघडल्यास दुसरा फोन दाखविण्यास सांगावे.